दारातला खराटा

"चार वाजेपर्यंत या घरात कुणी कांदा चिरायचा नाही, अत्तर लावायचं नाही आणि मोठ्याने बोलायचं नाही," गोटलोबने शनिवारी सकाळी फर्मान काढलं. घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको हेडविग. त्यामुळे फर्मान कुणासाठी होतं ते उघड होतं.

"आणि शिंक आली तर?"

"अंगणात जाऊन शिंकायचं."

चार वाजता पेटरसनबाई येणार होत्या. श्टुटगार्टच्या एका मोठ्या हॉटेलात कुठली वाइन ठेवायची ते या हॅम्बुर्गच्या बाई ठरवत. त्यांनी पत्रात तीनच अटी घातल्या होत्या. खोली शांत हवी, कसलाही वास नको आणि दुसरं माणूस नको. गोटलोबला त्या अटी पाठ झाल्या होत्या, कारण या चार वाजण्यावर त्याच्या वडिलांचा मळा टांगलेला होता.

मळा नदीवरच्या कड्यावर होता. तीनशे चाळीस पायऱ्या चढायच्या, तेव्हा कुठे पहिली वेल हाताला लागायची. गोटलोबचे गुडघे आता चाळिसाव्या पायरीलाच बोलू लागत. हॉटेलने वाइन घेतली तर चढाईला गडी ठेवता येईल, नाही तर या हिवाळ्यात वेली उपटून टाकू, असं त्याने हेडविगला वसंतात वचन दिलं होतं. वचन दिल्यापासून त्याला धड जेवण जात नव्हतं. त्यातून गेल्या वर्षी एप्रिलच्या हिमाने कोंब जाळले, वाइन जेमतेम चौऱ्याऐंशी बाटल्या निघाली. त्यातल्या बारा बाईंना चाखवायला उरल्या होत्या. यंदाची अजून पिंपात गढूळ होती.

आमच्या खोऱ्यातल्या बायका पाहुणा यायचा म्हटला की घर तर झाडतातच, पण जमलं तर समोरचा डोंगरही धुऊन काढतील. हेडविगने नवा कोरा खराटा काढला आणि अंगणातले दगड न् दगड असे घासले की बिचाऱ्यांना थंडी वाजली असेल. ओला खराटा खाली टेकवला तर काड्या वाकतात. म्हणून तिने तो फाटकाशेजारच्या खिळ्याला उलटा, काड्या वर करून टांगला आणि हात पुसत आत गेली. तो खिळा तिथे तीस वर्षं होता, हात सवयीने तिकडेच गेला.

आता आमच्याकडे द्राक्षवाल्याच्या फाटकावर खराटा दिसला की त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. मालक घरची वाइन ओततोय, या, बसा. गोटलोबचा खराटा पंधरा दिवसांपूर्वीच उतरला होता, घरची साधी वाइनही संपली होती. पण नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचा एक. अशा वेळी गावोगावची वाइन चाखत फिरणाऱ्यांचं लक्ष रस्त्यावर नसतं, फाटकांवर असतं.

पहिले आत आले ते वुर्स्टरसाहेब. त्यांनी टोपी खुंटीला लावली, बाकाच्या टोकाला बसले आणि म्हणाले, "एक पावशेर."

हेडविगने गोटलोबला कोपराला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"हा कशाला आलाय?"

"मला काय विचारतोस? ... अरे देवा. खराटा!"

"तू खराटा टांगलास? आज?"

"वाळत घातला रे मेल्या!"

"मग जा, सांग त्यांना, वाळत घातलाय म्हणून."

"वुर्स्टरना? तूच सांग की!"

वुर्स्टरसाहेबांनी एकतीस वर्षं कचेरीत खराट्यांचंच दफ्तर सांभाळलं होतं. कुणाचा खराटा कधी चढला, कधी उतरला, नोंद केली होती की नाही. बिननोंदीचा खराटा म्हणजे दंड, आणि वर पुढच्या सालचा परवाना गेला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांना बघून लोक आपापल्या खिळ्याकडे चोरून बघत.

"एक ग्लास दे, पिऊन जातील," हेडविग कुजबुजली. "ते दुसरा कधी घेत नाहीत, सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे."

"कुठली देऊ? कड्यावरचीच आहे फक्त!"

"मग तीच दे!"

गोटलोबने पहिली बाटली उघडली. स्वतःचा दात उपटावा तसा आवाज झाला. ग्लास ठेवून तो खराटा काढायला फाटकाकडे धावला, तर समोरून अकरा माणसं काठ्या टेकत येत होती.

"आहे, आहे! खराटा आहे!" सगळ्यात पुढच्या रोलांडने आरोळी ठोकली. हा शेजारच्या खोऱ्यातला सुतार, आवाज करवतीसारखा. "सकाळपासून तीन घरं झाली, मालक, तुमचं चौथं. अहो, हात का वर केलाय? काढताय की काय?"

"छे छे," गोटलोब म्हणाला, "सरळ करत होतो."

दुसरं काय म्हणणार? आतून वुर्स्टरसाहेब खिडकीतून बघत होते.

दोन वाजेपर्यंत पाच बाटल्या गेल्या, वुर्स्टरसाहेबांचा एकच ग्लास मात्र अजून संपायचा होता. रोलांडला भूक लागली. हेडविगने रविवारसाठी करून ठेवलेला कांद्याचा केक भट्टीत गरम करायला टाकला, कारण खराट्याच्या घरी उपाशी ठेवलं असं कुणी म्हणालं तर तिला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. कांद्याचा वास घरभर फिरला, जिन्यावर चढला, पडद्यात शिरून बसला. गोटलोबने सगळ्या खिडक्या उघडल्या. मग लोकांना थंडी वाजली, आणि थंडी वाजली म्हणून त्यांनी आणखी वाइन मागवली.

साडेतीनला अकरावी बाटली रिकामी झाली. बारावी गोटलोबने मागच्या मोरीत, पाण्याच्या बादलीत बुडवून वर फडकं टाकलं होतं.

"संपली, मंडळी!" त्याने हात जोडले. गेल्या अडीच तासांत तो पहिल्यांदाच हसला. "एक थेंब नाही. घरी जा, अंधार पडेल."

मंडळी कुरकुरत उठू लागली. रोलांड मागे हात धुवायला गेला आणि ओल्या बाटलीसकट परत आला.

"मालक! अहो, ही बादलीत विसरलात! नशीब माझं लक्ष गेलं!"

सगळे पुन्हा बसले. तेवढ्यात फाटक वाजलं.

पेटरसनबाई उंच होत्या, राखाडी कोट, हातात पातळ वही. दारात उभं राहून त्यांनी एकदा हुंगलं. कांदा. मग कानावर पडलं रोलांडचं गाणं. मग त्यांनी माणसं मोजली.

"मी पत्रात लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो बाई, पण काय झालं..." गोटलोबने वुर्स्टरसाहेबांकडे बघितलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

"सरका रे, बाईंना जागा द्या!" रोलांड ओरडला. आमच्याकडे खराट्याच्या बाकावर जागा नाही असं म्हणायची पद्धत नाही. बाकावर एक धक्का पसरत गेला आणि बाई रोलांड आणि वुर्स्टरसाहेब यांच्यामध्ये खोचल्या गेल्या. गोटलोब ग्लास आणायला गेला तोवर रोलांडने बाटलीतले दोन ग्लास ओतून वाटूनही टाकले होते.

बाईंनी वही उघडली. "तुम्ही ही प्यायलात. कशी वाटली?"

"पिता येते," रोलांड म्हणाला.

"वाईट नाही," पलीकडची बाई म्हणाली.

"याहून भिकार प्यायलोय," तिचा नवरा म्हणाला.

गोटलोबला घाम फुटला. आमच्या खोऱ्यात नावं ठेवली नाहीत म्हणजे आरती ओवाळली. लग्नाच्या दिवशी हेडविगच्या आईने त्याला 'चालेल' म्हटलं होतं, आणि म्हातारी त्याच्यावर शेवटपर्यंत जीव टाकत होती. पण हे हॅम्बुर्गला कोण सांगणार? बाई काहीतरी लिहीत होत्या, आणि जे लिहीत होत्या ते फार आखूड होतं.

बाटलीत शेवटचा ग्लास उरला होता. गोटलोब बाईंच्या ग्लासावर वाकला. आणि मधेच दुसरा एक ग्लास पुढे आला.

"एक पावशेर," वुर्स्टरसाहेब म्हणाले.

रोलांडचं गाणं थांबलं. कुणाचा तरी काटा ताटलीत पडला.

"काय झालं?" बाईंनी हळूच विचारलं.

"साहेबांनी दुसरा मागितला," रोलांडही कुजबुजला, जन्मात पहिल्यांदा. "त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा एकच घेतला होता हो."

"बाईंना ओत!" हेडविग दातओठ खात म्हणाली. "गोटलोब, बाईंना!"

गोटलोब दोन ग्लासांच्या मधे बाटली धरून उभा राहिला. एका बाजूला तीनशे चाळीस पायऱ्या, वडिलांच्या हातच्या वेली, गडी, सगळं. दुसऱ्या बाजूला बाहेर टांगलेला खराटा. आणि खराटा बाहेर असताना आधी बसला त्याला आधी, हे त्याला ज्या वडिलांनी शिकवलं तेच त्या वेली लावून गेले होते. त्याने डोळे मिटले आणि वुर्स्टरसाहेबांच्या ग्लासात शेवटच्या थेंबापर्यंत बाटली ओतली. हेडविग पदराशी झगडावं तशी एप्रन चुरगाळत आत निघून गेली.

साहेबांनी ग्लास उचलला. उजेडात धरला. मग शेजारच्या रिकाम्या ग्लासात अर्धी वाइन ओतली, अगदी मापून.

"लांबून आल्यात," ते म्हणाले.

पेटरसनबाईंनी त्या जाडजूड कानाच्या ग्लासातून एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. वाइन पारखणारे घोट थुंकून टाकतात, पण इथे थुंकायला भांडं नव्हतंच. मग दुसरा घोट. मग त्यांनी आधी लिहिलेलं खोडलं.

"नवी किती निघेल?"

"नऊशे बाटल्या... यंदा हिम नव्हतं," गोटलोब म्हणाला.

"आठशे माझ्या. बाकीच्या या गृहस्थांसाठी ठेवा, ते तिसरा मागतील." वही मिटून त्या उठल्या. "आणि कांद्याच्या केकचा एक तुकडा बांधून द्या. मघापासून जीव त्यातच अडकलाय माझा."

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडून फुटलं. हेडविग ऐकत होती.

मंडळी पांगल्यावर वुर्स्टरसाहेब टोपी घालून निघाले. गोटलोब त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेला, डोळे पुसत, आणि आनंदाच्या भरात त्याला राहवलं नाही.

"साहेब, एक खरं सांगतो. हा खराटा—"

"बिननोंदीचा आहे," साहेब म्हणाले. "यादी मी अजून दर सोमवारी बघतो. शिरतानाच कळलं."

"मग बोलला नाहीत?"

"तक्रार लिहायचीच होती. म्हटलं, आधी वाइन बघू."

साहेबांनी खिळ्यावरचा खराटा उतरवला, काड्या चाचपून बघितल्या आणि गोटलोबच्या हातात दिला.

"वाळलाय," ते म्हणाले, आणि गेले.