मोरपंखी रंगाची दुसरी प्रत

दसऱ्याला मधुकररावांनी कॉम्प्युटरची पूजा केली, ती जरा जास्तच मनापासून केली. उधन्याच्या त्या साड्या रंगवणाऱ्या मिलमध्ये बाकीच्यांनी आपापल्या यंत्राला कुंकवाचं बोट लावलं आणि पेढा तोंडात टाकला. मधुकररावांनी मात्र पडद्यावर झेंडूची घसघशीत माळ चढवली आणि बॅकअपची टेप बसते त्या फटीत चिमूटभर अक्षता सोडल्या. देवाच्या तोंडाशी नैवेद्य न्यावा, तशा.

जीवच होता त्यांचा त्या यंत्रावर. तीनशे बारा रंगांच्या कृती, कुठल्या रंगात कुठली पूड किती ग्रॅम, सगळं त्यांनी आत भरलं होतं. मग जुन्या वह्या रद्दीत घातल्या. रंगमास्तर हिलालमामांच्या कपाटात चिंध्यांची दोन पोती सापडली, तेव्हा म्हणाले, "मामा, हा कचरा उद्या दिसता कामा नये." मामा पोती सायकलला बांधून गोडादऱ्याला घरी घेऊन गेले.

बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज सहाच्या ठोक्याला सगळ्याची नक्कल टेपवर उतरवायचं. त्या संध्याकाळी टेप अक्षता चघळू लागली. सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिक. 'नक्कल झाली नाही' असं पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत तीन दिवस ओरडत राहिलं. पण तो कोपरा नेमका झेंडूखाली, आणि पूजेची माळ सुकायच्या आत काढणार कोण?

चौथ्या दिवशी कॉम्प्युटरने मान टाकली. त्याच दुपारी कडोदऱ्याचे व्यापारी मगनभाई हजर. "तो मोरपंखी रंग, अजून दोनशे साड्या, शनिवार सुधी! रंग जरा पण फर्यो, तो माल पाछो."

मिलचे मालक भाईदास शेठ मधुकररावांकडे वळले. "मधुकरभाई, डब्बामां छे ने बद्धुं?"

"डबा बिघडलाय शेठ. पण नक्कल आहे."

"नक्कल नथी, तो तमे पण नथी," शेठ गोड हसून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर सौरभ मुंबईहून सकाळच्या गाडीने उतरला. हातात स्क्रूड्रायव्हर, बगलेत ग्राहक-समाधानाचा फॉर्म. नोकरीत कायम व्हायला त्याला 'समाधानी'वर आणखी एक खूण हवी होती. त्याने चिमट्याने सात तांदूळ काढले. मागोमाग टेप आली, शेवयांसारखी.

"काका, हे काय?"

"अक्षता."

"आमच्या पुस्तकात धूळ लिहिलीय, पाणी लिहिलंय. अक्षता नाहीत हो! दुसरी टेप?"

"एकच. रोज तीच."

"अहो, दुसरी प्रत बाहेर ठेवायची असते. दुसऱ्या इमारतीत!"

मधुकरराव मामांकडे वळले. मामांना कृती आठवत, पण ग्रॅमपर्यंत नव्हे. मामा दारातच उभे होते. खाकरून म्हणाले, "घरी ठेवेल असली, तं चाली का?"

"काय ठेवलंय घरी?"

"तो कचरा."

प्रत्येक रंगाचा वीतभर नमुना कापून त्याच्या पाठीवर पक्क्या शाईने कृती लिहायची, ही मामांची वीस वर्षांची सवय. तिघं रिक्षाने गोडादऱ्याला पोचले. मामांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, दोन्ही पोत्यांची एक झकास गोधडी शिवली होती. मोरपंखी तुकडा बरोबर मधोमध होता. लिहिलेली बाजू आत.

"वहिनी, उसवावी लागेल," मधुकरराव चाचरत म्हणाले.

"मनी गोधडी? दोन महिना लागनात माले! उसवशात तुम्ही, मंग शिवी कोन?"

मधुकररावांनी सौरभकडे बोट केलं. "हा. तांत्रिक साहाय्य ह्यांच्याकडेच असतं."

टाके निघाले, कृती निघाली. मामा कागदावर उतरवून मिलकडे धावले. शनिवारी मगनभाईंनी जुनी आणि नवी साडी उन्हात धरली, डोळे बारीक केले, आणि मुकाट्याने माल टेम्पोत चढवला.

पण गोधडी उसवली त्या दुपारी सौरभ मामांच्या ओट्यावर बसून सुई टोचून घेत होता. "काका, फॉर्मवर सही करा ना."

"मी कशी करू? माझी टेप कुठे वाचवलीत? तुम्ही काम केलंत ते वहिनींचं."

प्रमिलाबाईंनी टाके निरखले. "मोठा शे. काढ." पुन्हा निरखले. "वाकडा शे. काढ." तिसऱ्यांदा त्यांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला आणि 'समाधानी'वर खूण केली. शेऱ्याच्या जागी त्यांनी सांगितलं आणि मधुकररावांनी लिहिलं : 'पोरगा गुणाचा आहे. हात बसेल.'

उरलेले तीनशे अकरा तुकडे मधुकररावांनी रविवारी रविवारी जाऊन स्वतः उसवले, कृती उतरवल्या आणि स्वतःच शिवले. आता मिलमध्ये दोन टेपा आहेत, आणि प्रत्येक नव्या रंगाचा वीतभर तुकडा न चुकता गोडादऱ्याला जातो.

पुढच्या दसऱ्याला मधुकररावांनी कॉम्प्युटरला चार हातांवरून नमस्कार केला. मग हळदकुंकवाचं तबक घेऊन थेट मामांचं घर गाठलं. गोधडी दोरीवर उन्हात पसरली होती. त्यांनी भक्तिभावाने कुंकवात बोट बुडवलं आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"लांबथीन, भाऊ!" प्रमिलाबाई आतून कडाडल्या. "डाग पडस!"