विचाराधीन भाऊ

माणसाला एखादी गोष्ट समजली, की ती करावी लागते. संस्कृतीची सुरुवात बहुधा इथूनच झाली असावी. कोणीतरी पहिल्यांदा, सगळं स्वच्छ समजलेलं असताना, हनुवटीला हात लावून म्हणालं, "जरा बघावं लागेल." तोवर माणसं नुसती जगत होती.

आमची समिती त्या थोर माणसाच्या परंपरेतली आहे. बायबलमधल्या कठीण वचनांचा अर्थ लावणं हे तिचं काम. बाहेरचे लोक तिला नुसतं "कठीण समिती" म्हणतात. आमची हरकत नाही. इमारत दुमजली आहे. वर लांब टेबल, भिंतभर भाष्यग्रंथ, आणि समोरचे कागद उडतील एवढ्याच वेगानं फिरणारा पंखा. खाली जिन्याशेजारी भेटायला येणाऱ्यांसाठी एक बाक. (बाक पूर्वी लांब होता. आता त्याच्या अर्ध्या भागावर आमचे न खपलेले खंड ठेवले आहेत. माणसं काय, दाटीवाटीनं बसतात.)

समितीचा नियम एकच, पण मोठा देखणा आहे: जे वचन समितीपुढे विचाराधीन आहे, ते निकाल लागेपर्यंत कोणालाही लागू नाही. कोर्टाची स्थगिती असते तसंच. हा नियम झाला आणि विद्वत्तेला बहर आला. त्याआधी वर्षाला एखादं वचन कठीण निघायचं. आता लोक घरून अर्ज लिहून आणतात.

कामगिरीचा थोडका आढावा

श्रीमंत माणूस आणि सुईच्या नाकातून जाणारा उंट: विचाराधीन. ज्या वर्षी एका देणगीदारानं आम्हाला वरचा मजला बांधून दिला, त्याच वर्षी हे वचन कठीण ठरलं. विद्येच्या क्षेत्रात असे योग येतात. हे काम आमचे सुईवाले सर पाहतात. त्यांच्या संशोधनातून सुई बरीच मोठी झाली आहे आणि उंट चांगलाच वाळला आहे. फार थोडं राहिलंय. देणगीदारांनी धीर सोडू नये.

दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा: विचाराधीन. धुवायला टाकलेला धरायचा का, यावर मतभेद.

एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा: विचाराधीन. पहिला गाल कोणता ते ठरल्याशिवाय दुसरा ठरवणं घाईचं होईल.

अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशा वंशावळी: पूर्णपणे स्पष्ट. त्यांचं पालन सर्वांनी ताबडतोब सुरू करावं, असा ठराव एकमतानं मंजूर.

ढोबळ हिशेब असा, की जी वचनं आम्हाला काही करायला सांगतात ती सगळीच्या सगळी कठीण निघाली, आणि जी शेजाऱ्याला सांगतात ती सगळीच्या सगळी सोपी. प्रमाण इतकं चोख आहे, की आमच्या पद्धतीवर शंका घ्यायला जागाच उरत नाही.

आता मूळ विषयाकडे.

वचन

देवापुढे अर्पण घेऊन उभा आहेस आणि आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जा, भावाशी समेट कर, मग परत ये. (आशय आमचा. शब्द विचाराधीन.)

संदर्भ

हे वचन आमच्या तळटीप सरांनी समितीपुढे आणलं. हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलं. सरांच्या पानावर वर एक ओळ असते, खाली तिचं सांत्वन करणाऱ्या चाळीस.

सरांना एक थोरले भाऊ आहेत. ते खिडक्या-दारं बनवतात. सात वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा कबरीशी शास्त्रपाठ दादांनी वाचावा असं घरात ठरलं, कारण आवाज त्यांचा चांगला. दादांनी आईचंच जुनं बायबल आणलं होतं. दुसऱ्या ओळीवर तळटीप सर म्हणाले, "थांब दादा. हे भाषांतर प्रमाण नाही."

आणि त्यांनी त्या ओळीतला एक शब्द समजावून सांगितला. मूळ भाषेतून. पाळकांनी आभाळाकडे पाहिलं. माती लोटणारे फावड्यावर रेलले. एकानं विडी शिलगावली. सर छान बोलले. ते व्याख्यान नंतर छापूनही आलं. दादांनी पुस्तक मिटलं, आईवर मूठभर माती टाकली आणि घरी निघून गेले. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात सरांनी अर्ज केला, की भावाशी समेट करण्याविषयीचं वचन अत्यंत कठीण आहे. समितीनं आनंदानं मान्य केला.

प्रगती

पहिला खंड "भाऊ" या शब्दावर. सख्खा, चुलत, की सगळी मानवजात? (सरांचा कल मानवजातीकडे. मानवजात घरी येऊन बसत नाही.) दुसरा "मनात काही आहे" यावर. तिसरा "आधी" वर. चौथा "जा" या आज्ञेवर. तो छापायला गेला त्याच दिवशी पुढचा प्रसंग घडला.

प्रसंग

समिती बसली होती. चहा झाला होता. शिपाई वर आला.

"सर, खाली तुमचे दादा आलेत. वहिनीपण आहेत. दोन मिनिटं येऊन जा म्हणतायत."

तळटीप सरांनी पेन खाली ठेवलं. "कोणाचे दादा?"

"तुमचे. माझा भाऊ एवढा जिना बघून परत गेला असता."

सर अर्धे उठले. खरोखर उठले, खुर्ची सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. अध्यक्षांनी हात वर केला.

"बसा, बसा. निकालाआधी तुम्ही खाली गेलात, तर वचन सोपं होतं असा अर्थ निघेल. चौथ्या खंडाचं काय करायचं मग? रद्दीत घालायचा?"

"आणि उद्या लोक माझ्या उंटाकडे बोट दाखवतील," सुईवाले सर म्हणाले. 

सर अर्धे बसले. या मधल्या अवस्थेत ते बराच वेळ राहिले. विद्वानाला ती अवघड जात नाही.

मग जिन्यावर चपला वाजल्या आणि वहिनी दारात आल्या. काखेत दवाखान्याचं मोठं पाकीट. समितीच्या बैठकीत बाहेरच्या व्यक्तीला प्रवेश नाही, हे अध्यक्ष त्यांना सांगणार होते; पण त्यांनी तोंड उघडायच्या आत वहिनींनी उघडलं.

"भावजी, उद्या ह्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. आवाजाची पेटीच काढणार म्हणालेत डॉक्टर. उद्यापासून ह्यांना बोलता येणार नाही. काय बोलायचंय ते आज बोलून घ्या. सात वर्षं तुम्ही दोघं गप्प. उद्यापासून एकाला तरी कारण मिळेल."

"वहिनी, मी येणारच होतो," सर म्हणाले. "फक्त हा एक मुद्दा…"

"तुमचा मुद्दा सासूबाईंच्या कबरीपासून चाललाय. त्यांना पुरून आलो आम्ही, मुद्दा तेवढा वर राहिला."

हा पेच होता. सर खाली गेले नसते तर दादांचा आवाज न ऐकताच गेला असता. गेले असते तर चार खंड. समितीनं दोन्ही बाजू तोलल्या. (खंड वजनाला जास्त भरले.) पण अध्यक्ष कनवाळू आहेत. त्यांनी तोडगा काढला: सरांनी खाली जावं, मात्र भाऊ म्हणून नव्हे, तर निरीक्षक म्हणून. समेट करायला नव्हे, समेट म्हणजे काय असतं ते पाहायला. म्हणजे वचन पाळलंही जाणार नाही आणि मोडलंही जाणार नाही. एकट्या वहिनींच्या साक्षीवर विसंबायला नको म्हणून सोबत सगळी समिती जाईल.

"या सगळेच," वहिनी म्हणाल्या. "बाक तेवढा तुमच्या पुस्तकांनी ठेवलेला नाही, उभं राहावं लागेल."

आम्ही कागद घेऊन एकामागून एक जिना उतरलो.

दादा बाकाच्या उरलेल्या टोकावर बसले होते. गळ्याला मफलर. आल्यापासून ते आमच्या खिडकीची नीट न बसणारी कडी पाहत होते. धाकट्या भावाला पाहिल्यावर तिच्यावरची नजर काढून त्याच्यावर ठेवली. आवाज करवतीसारखा झाला होता.

"काय रे. वाळलास की."

 तळटीप सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"यात समेटाला सुरुवात झाली असं धरायचं का?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"श्श!" वहिनी म्हणाल्या. अध्यक्षांना असं यापूर्वी कोणी म्हटल्याची नोंद नाही.

दादांनी घोट गिळला. ते गिळणं पाहवत नव्हतं. मग म्हणाले, "झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही आता. घरी ये."

एवढंच. सगळ्यांचं लिहून झालं.

या वेळी सरांचा हात पुढे आला, असं दोन सदस्यांनी नोंदवलं आहे. तिसऱ्याच्या मते ते पेन मागत होते. अध्यक्षांनी पेन दिलं. हातात पेन आलं की सरांचा चेहरा शांत होतो, तसा तो झाला, आणि त्यांनी विचारलं, "घरी म्हणजे? आईच्या घरी, की तुझ्या?"

दादा उत्तर द्यायला गेले तर खोकला आला. खोकला थांबला तेव्हा आवाज उरला नव्हता. त्यांनी हसून हात हलवला. (त्या हाताचा अर्थ स्वतंत्रपणे अभ्यासला जात आहे.) वहिनींनी त्यांना दंडाला धरून उठवलं. "चला. आणखी बोलायला मनाई आहे तुम्हाला, आणि इथं ऐकायलाच मनाई दिसते."

ऑपरेशन उत्तम झालं. दादा बरे आहेत. आवाज गेला.

निष्पत्ती

कठीण वचनांच्या इतिहासात असा योग पूर्वी आला नव्हता. वाक्य अगदी छोटं. ऐकणारे सगळे विद्वान. कागद त्याच क्षणी लिहिलेले. आणि बोलणाऱ्याला आता "तुला काय म्हणायचं होतं?" असं विचारण्याची सोय नाही. प्राचीन ग्रंथांच्या बाबतीत या भाग्यासाठी शतकं थांबावं लागतं. "घरी ये" हे वचन कठीण असल्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक: तळटीप सर.

पाठभेद असे. अध्यक्षांच्या कागदावर "घरी ये". सुईवाले सरांच्या कागदावर "घरी येत जा", म्हणजे एकदा नव्हे, वारंवार. हा अर्थ भीषण असल्यानं बाजूला ठेवला आहे. शिपाई जिन्यावर उभा होता. तो म्हणतो, "घरी ये ना" असं होतं. तो "ना" अस्सल असेल तर सगळंच अवघड होईल, म्हणून शिपायाची साक्ष दुय्यम धरली.

दरम्यान दादांनी पाटीवर "ये" असं लिहून ती वहिनींबरोबर पाठवली. समितीनं पाटी काळजीपूर्वक तपासली. यात "घरी" नाही. मूळ वचन तोंडी, हे लेखी. तेव्हा ही नंतरची भर असावी. पाटी काचेच्या कपाटात ठेवली आहे.

वहिनींनी फोनही केला. "भावजी, संध्याकाळ झाली की हे दारात खुर्ची टाकून बसतात. दुसरी खुर्ची समोर ठेवतात. काय सांगू मी ह्यांना?"

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "सांगा, 'घरी'वरचा पहिला खंड होत आलाय."

सर अभ्यासात हयगय करत नाहीत. हल्ली ते रोज कामानंतर दादांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. तिथून ते दार दिसतं. थोडा वेळ उभे राहतात, अंतराविषयी काहीतरी टिपून घेतात, आणि परत येतात. एकदा दादांनी त्यांना पाहिलं आणि खुर्चीतून उठून दोन्ही हात वर केले. आशीर्वाद, शरणागती, की नुसती हाक, यावर पुढच्या महिन्यात परिसंवाद आहे.

सदस्यत्वाविषयी

वाचकांची पत्रं येतात. यात कठीण ते काय, उठावं आणि जावं, असं सगळेच लिहितात. आम्ही प्रत्येकाला अतिशय नम्रपणे एकच गोष्ट विचारतो: आपल्याला असं "ये" कोण म्हणालं होतं, आणि आपण कधी गेलात? (या प्रश्नानंतर पत्रव्यवहार सहसा थांबतो. थांबला नाही, तर निदान त्यात तळटीपा येऊ लागतात.)

समितीवर एक जागा रिकामी आहे. पदवीची अट नाही. मूळ भाषा यायला हवी असंही नाही. उमेदवाराला वाक्य समजलेलं असावं, कोणाकडे जायचं तो चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आत्ता आलेला असावा, आणि तरीही तो जागचा न हलता पुढची ओळ वाचत असावा.

ही ती पुढची ओळ. या, आपली खुर्ची पंख्याखाली ठेवली आहे.