रिकामा डबा देऊ नये

कुंदाने फ्रिज उघडला. डबा जागेवर नव्हता.

"आई, इथला स्टीलचा डबा?"

"नर्मदाचा? देऊन आली ना मी गुरुवारी," सासूबाई राधाबाई नातीला वरणभात भरवत म्हणाल्या. "झाकणावर तिचं नाव कोरलेलं दिसलं. लोकाचा डबा किती दिवस ठेवाचा? रिकामा देऊ नये, तर तू त्यात चायनाग्रास करूनच ठेवलेलं. मले बरं वाटलं."

कुंदाने फ्रिज बंद केला. ते गोडाचं चायनाग्रास नव्हतं, जखमेवर लावायचं, जंतू मारणारं जेल होतं. प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला म्हणून बुधवारी तिने ते घरी आणलं आणि हाताला लागलेल्या पहिल्या धुतलेल्या डब्यात ठेवलं. तीन वर्षांच्या पीएचडीतला एवढाच एक तुकडा धड जमलेला. उद्या, सोमवारी, सरांना तोच दाखवायचा होता.

लेकीला कडेवर घेऊन ती शेजारी धावली.

"काकू, त्या डब्यातलं..."

"अगं, काय छान झालं होतं वो!" नर्मदाकाकूंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "तुझ्या काकांनी तर दोनदा घेतलं."

कुंदाने आत डोकावलं. "काकांना काही त्रास? काकू, ते खायचं नव्हतं. त्यात झिंक ऑक्साइड आहे. आणि बाकी सगळं कोळंबीच्या सालांपासून काढलेलं."

काकूंच्या घरात अंडंसुद्धा येत नसे.

"अहो!" काकू आतल्या दिशेने ओरडल्या. "तुम्ही खाल्लं का ते?"

"मी काहून खाईन?" आतून रामकृष्णकाका म्हणाले. "तूच तर म्हणे, हलून राहिलं ते, बेबीताईच्या डब्यात भरून देऊन टाका!"

काकूंनी पदराने कपाळ पुसलं. "तोंडदेखलं म्हटलं गं. बरं झालं, खोटं बोलली ते."

ऑटोने सदर भागातलं बेबीताईंचं, काकूंच्या मैत्रिणीचं, घर गाठेपर्यंत लेक खांद्यावर झोपली होती. दार बेबीताईंनीच उघडलं.

"तुम्हीच ना कुंदा? नर्मदाचा फोन आला होता, तुम्ही येताय एवढंच ऐकू आलं अन् कटला. तिला सांगा, चायनाग्रास एकदम फर्स्टक्लास..."

"कोळंबी," कुंदाने सुरुवातच तिथून केली.

"मी नाही खाल्लं," बेबीताई म्हणाल्या.

"मग फेकलंत?"

"अन्न कसं फेकू, बाई? म्हटलं, खराब होईल मग टाकू, म्हणजे पाप नाही लागत. पण होईचना खराब! शुक्रवारपासून ओट्यावर आहे, ह्या मे महिन्यात. बाजूची खीर दुपारपर्यंत आंबली. ह्याला ना वास, ना बुरशी. अन् मी रोज उघडून बघून राहिली!"

कुंदाने झाकण काढलं. जेल जसंच्या तसं, किंचित थरथरणारं. तीन वर्षांत तिने कुठलंच जेल फ्रिजबाहेर तासभरही राहू दिलं नव्हतं.

तिने झोपलेली लेक बेबीताईंच्या हातात दिली आणि पर्समधून पेन काढलं.

"ताई, गॅसपासून किती लांब होतं? खीर नेमकी कधी आंबली? अर्धं मी नेते. अर्धं ओट्यावरच राहू द्या. अजून आठवडाभर खराब व्हायची वाट बघाल?"

बेबीताईंनी बाळाच्या केसांवरून हात फिरवला.

"बघीन की. फक्त मले चाखाले लावू नको."