जावयाच्या गाडीची चाकं

जयतीर्थ मास्तरांच्या मते रंगकाम ही शिकायची गोष्टच नव्हती. धारवाडच्या त्यांच्या घराच्या खिडक्या, पाळणा, देवघर, सगळं त्यांनीच रंगवलेलं. तेव्हा जावयाच्या गाडीची चार चाकं म्हणजे दुपारच्या झोपेआधीचं काम!

सुधींद्रची गाडी नवी, चकचकीत अलॉय चाकांची. तो आणि मास्तरांची लेक वेदश्री चार दिवसांसाठी रेल्वेने पुण्याला निघाले, तेव्हा गाडी सासऱ्यांच्या अंगणात ठेवून तो म्हणाला, "मामा, रोज जरा चालू करून ठेवा." मास्तरांनी चालू केली. बायको अंबूताई देवळात गेल्या होत्या, म्हणून हुबळीच्या रस्त्याने रायापूरपर्यंत नेली. परत येताना ती फुटपाथच्या कडेला अशी घासली की डाव्या दोन्ही चाकांचे टवके उडाले. साठीत शिकलेल्या ड्रायव्हिंगला बायको आणि मुलगी हसायच्याच, त्याची त्यांना सवय होती. पण "मामा, तुम्ही चालवा," असं म्हणणारा सुधींद्र हा जगात एकटाच माणूस होता, आणि त्याला हे कळू द्यायचं नव्हतं.

मास्तर बसने हुबळीला गेले. कमरीपेठेतल्या दुकानदाराने चंदेरी रंगाचा डबा देताना बजावलं, "पातळ हात मारा, सर. नाळेतनका मुट्टब्याड्री." म्हणजे उद्यापर्यंत हात लावायचा नाही, एवढंच.

टवके लांबी-पुट्टीने भरले, पॉलिश पेपरने घासले, दोन चाकं रंगवली. मग उजवीकडची दोन अगदीच गरीब दिसू लागली, म्हणून तीही रंगवली. पातळ हात काही मास्तरांना पटेना. डबा संपेपर्यंत ते थरावर थर चढवत राहिले.

"हे काय चाललंय?" अंबूताईंनी विचारलं.

"उद्या खंडेनवमी ना. जावयाची गाडी पूजेला चांगली दिसायला नको?"

थाप मस्त जमली असं मास्तरांना वाटलं. ज्या माणसाने चाळीस वर्षांत स्वतःच्या सायकललाही कुंकवाचं बोट लावलं नाही, तो आज जावयासाठी उन्हात बसला होता. अंबूताईंचे डोळे भरून आले.

सकाळी मास्तर बाहेर येतात तो पूजा उरकलेली. नवऱ्याने चाकांवर एवढे कष्ट घेतले म्हणून अंबूताईंनी सगळा मान चाकांनाच दिला होता. मूठमूठ हळद-कुंकू, झेंडूच्या पाकळ्या, अक्षता. आणि रंग अजून ओला! अनारशाला खसखस बसावी तसं सगळं घट्ट बसलं होतं. मास्तरांनी थिनरचं फडकं फिरवलं. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत, कुंकू मात्र विरघळलं आणि चाक गुलाबी झालं.

"अय्यो, पूजा पुसताय? दसरा होईतो हात लावायचा नाही," अंबूताईंनी फडकं काढून घेतलं.

दहा वाजता लेक-जावई स्टेशनवरून आले. सुधींद्र गाडीभोवती एक फेरी मारून थांबला. अंबूताई कौतुकाने म्हणाल्या, "काल दिवसभर उन्हात बसून यांनी चाकं रंगवली हो, तुमच्या गाडीच्या पूजेसाठी." सुधींद्रने वाकून मास्तरांचे पाय धरले. "मामा, माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं."

तो रागावला असता तर मास्तरांनी सोसलं असतं. हे काही सोसवेना.

"उठा हो. पूजेसाठी नाही केलं. मी गाडी रायापूरला नेली आणि घासली."

"अप्पा, तुम्ही चालवलीत?" वेदश्रीने हातातली बॅग तशीच पायरीवर टाकली.

सुधींद्रने चाकाला चिकटलेली एक पाकळी नखाने खरवडून पाहिली. मग हसून त्याने मास्तरांचा हात हातात घेतला. "चाकंच ना, मामा. बदलता येतात. पुन्हा वाटेल तेव्हा न्या गाडी." मास्तरांचा जीव भांड्यात पडला. जेवणात त्यांनी स्वतः उठून जावयाच्या पानात पुरणपोळी वाढली.

तीन आठवड्यांनी दिवाळीला दोघं आली ती बसने.

"गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, मामा," सुधींद्र चप्पल काढता काढता, खाली बघत म्हणाला.

वही घरी का राहिली, हे मास्तरांनी तीस वर्षं वर्गातल्या मुलांकडून ऐकलं होतं. तो आवाज त्यांनी लगेच ओळखला. पण जावयाला काय उठाबशा काढायला सांगायच्या?

"बरं केलंत," ते त्याची बॅग उचलत म्हणाले. "सणासुदीला रस्त्यावर माणसं फार वाईट चालवतात."