बीयरचा अभ्यास

पंकजने आयुष्यात एकही परीक्षा अभ्यासाशिवाय दिली नव्हती, त्यामुळे बीयर प्यायलाही तो अभ्यास करूनच जाणार होता.

त्याचं असं झालं. पंकज हा परभणीतल्या मन्मथअप्पांचा सव्वीस वर्षांचा मुलगा. अप्पांचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. बी.एस्सी. झाल्यापासून पंकज तिथे बसायचा आणि समोर गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर कोडिंग शिकायचा. दोन वर्षांत त्याने दुकानातल्या मालाचं एक ॲप बनवलं. अप्पांनी ते कधी उघडून पाहिलं नाही, पण पुण्याच्या एका कंपनीने पाहिलं, दोन मुलाखती घेतल्या आणि दोन्हींत त्याला पास केलं. आता एवढंच राहिलं होतं की शुक्रवारी संध्याकाळी टीमबरोबर हॉटेलात जेवायला यायचं.

"ते जेवण न्हाई बाबा, तिसरा राऊंड हाय," भुजंग फोनवर म्हणाला. भुजंग हा शाळेतला मित्र, चार वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता, त्यामुळे त्याचा शब्द पंकजला प्रमाण. "पोरगं मिसळतंय का न्हाई ते बघतेत तिथं. समदे बीयर घेतेत. तू ताक मागितलंस की संपला विषय."

"लागती कशी?"

"आंबट, कडवट. आपल्या आंबलीची थोरली बहीण समज. पहिल्यांदा घाण लागती, नाक दाबून पी. गिलासभर पोटात गेली की माणूस सगळं खरं बोलायला लागतो."

हे शेवटचं वाक्य ऐकून पंकज जरा ताठ बसला. कारण खरं बोलण्याची त्याला फार गरज होती. पुण्याचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पांना सांगायचं म्हणून तो महिनाभर रोज सकाळी दुकानाचं शटर उघडताना तोंडही उघडायचा, आणि दोन्हीपैकी शटरच तेवढं पुरतं उघडायचं.

मन्मथअप्पा म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, मठाच्या कमिटीवर पंधरा वर्षं, आणि दर श्रावणात व्यसनमुक्तीवर अर्ध्या तासाचं भाषण, जे दीड तास चालायचं. अशा माणसाच्या मुलाने परभणीत बाटली विकत घ्यायची म्हणजे बाटली घरी पोचायच्या आत बातमी पोचायची. म्हणून पंकज तोंडाला रुमाल बांधून रेल्वेने पूर्णेला गेला. दुकानदाराने विचारलं, "कोणती देऊ?" तर हा म्हणतो, "सुरुवात करणाऱ्याला कोणती बरी?" दुकानदाराने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.

आता प्यायची कुठे? पंकजने दिवस निवडला वेळ अमावास्येच्या सणाचा आणि जागा निवडली गावाकडच्या शेताची. हुशार माणसं घोटाळा करतात तो असा विचार करूनच करतात. वेळ अमावास्येला अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची खोप उभारायची, पूजा करायची, आंबील सगळ्या रानात शिंपायची, मग भज्जी-भाकरी आणि तांब्यावर तांब्या आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं हे पेय असं आहे की दुपारी दोननंतर शेतात उभं फक्त पीक असतं, माणसं सगळी आडवी. ती आडवी झाली की खोपीत शिरून अभ्यास करायचा आणि लगेच जाऊन अप्पांना खरं सांगायचं, असा बेत होता.

सकाळीच त्याने विहिरीच्या आडोशाला दोन्ही बाटल्या एका मडक्यात ओतल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं खोपीत डाव्या कोपऱ्यात ठेवलं. मडक्यातून काही पिणाऱ्याकडे त्या दिवशी कोण बघतंय?

पण त्याच्या आईने, नागुबाईंनी, तसंच एक मडकं उजव्या कोपऱ्यात ठेवलं होतं. त्यात शिंपायची आंबील होती. पाणी घालून पातळ केलेली, ना मीठ, ना लसूण. आणि धाकट्या बहिणीने, ईश्वरीने, पूजेला जागा करताना दोन्ही मडकी उचलून नीट रांगेत मांडली. ईश्वरीला कुठलीही गोष्ट रांगेत मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मांडताना डावं उजवीकडे गेलं आणि उजवं डावीकडे.

दुपारी पूजा झाली. अप्पांनी उजवं मडकं काखोटीला मारलं आणि लिंबाच्या डहाळीने शिंपत बांधाने निघाले. मागून पाण्याचा तांब्या घेऊन पंकज. तीस वर्षं कीटकनाशकांत बसून अप्पांचं नाक कामातून गेलेलं होतं. त्यांना वास आला नाही. शेजारच्या शेताचे दिनकरराव, म्हणजे मठाच्या कमिटीचे अध्यक्ष, पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी मडक्यात डोकावून पाहिलं.

"अप्पा, औंदा आंबलीला फेस लय भारी धरलाय."

"नागुबाईच्या हाताचा गुण हाय," अप्पा म्हणाले.

"मग आमच्या बांधावर बी मारा की जरा."

अप्पांनी दिनकररावांच्या बांधावर सढळ हाताने शिंपलं. मागून पंकजने भक्तिभावाने पाणी सोडलं आणि हर हर महादेव म्हटलं.

जेवणं झाली. माणसं झाडाखाली लवंडली. पंकज खोपीत गेला, डावं मडकं उचललं, नाक दाबलं, डोळे मिटले आणि औषध घ्यावं तसे दहा-बारा घोट घशाखाली ढकलले. आंबट. मिळमिळीत. घाण. कडवटपणा तेवढा कमी, बाकी भुजंगने सांगितलं होतं तसंच. पहिल्याच प्रयत्नात जमलं म्हणून त्याला स्वतःचा अभिमान वाटला. पाच मिनिटांत डोळे जड झाले, पाय सैल झाले. आधी तीन तांबे आंबील पोटात होती हे त्याने हिशेबात धरलं नाही. चढली, असं त्याने ठरवलं, आणि चढलेला माणूस चालतो तसा जपून पावलं टाकत तो चिंचेखाली अप्पांजवळ गेला. अप्पा घोंगडीवर पडले होते, पण जागे होते.

"अप्पा, मला दुकानात बसायचं न्हाई."

अप्पांनी डोळे उघडले.

"मला पुण्याला जायचंय. कंपनीनं दोन परीक्षा घेतल्या, दोन्ही पास झालोय. शुक्रवारी बोलावलंय." त्याला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटत होतं. "तुमी दिलेलं बी एखाद्याच्या रानात उगवलं की तुमी कसे बघत उभा ऱ्हाता, अप्पा? मी लिहिलेलं चालायला लागलं की मला तसं होतंय. दुकानात मला तसं कधीच झालं न्हाई."

अप्पा कोपरावर रेलले. मुलाने इतकी वाक्यं एका दमात त्यांच्याशी आजवर बोलली नव्हती, आणि ती ऐकून त्यांना राग येण्याऐवजी काहीतरी वेगळंच झालं होतं. इथे पंकज गप्प बसला असता तर काम झालं असतं.

"हे आजच कामून सांगायलास?" अप्पांनी विचारलं.

"शुद्धीवर असतो तर सांगितलं नसतं," पंकज म्हणाला. "मी बीयर पिलोय."

नागुबाई दोन हातांच्या अंतरावर झोपल्या होत्या, त्या ताडकन उठून बसल्या. त्यांनी मुलाला कान धरून जवळ ओढलं आणि तोंडाचा वास घेतला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"कशाची बीयर? ही माझी शिंपायची आंबील हाय. मीठ न्हाई, लसूण न्हाई. मेल्या, देवाचं पिऊन आलास व्हय?"

पंकजची सगळी नशा तिथल्या तिथे उतरली. म्हणजे आत्ता जे बोललो ते पूर्ण शुद्धीवर बोललो, या जाणिवेने त्याला दरदरून घाम फुटला.

अप्पा सावकाश उठून बसले. "ही जर शिंपायची आंबील," ते एकेक शब्द तोलत म्हणाले, "तर बीयर कुठं हाय?"

ईश्वरीने हळूच सांगितलं की तिने मडकी रांगेत मांडली होती. मग चौघांनीही समोर पाहिलं. समोर ज्वारी होती, हरभरा होता, शेंदूर लावलेले देवाचे दगड होते, चारी बांध होते आणि त्यापलीकडे दिनकररावांचा पाचवा बांध. शेजारच्या झाडाखाली कमिटीचे अध्यक्ष शांत घोरत होते. अप्पांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"पुण्याची गाडी कवा हाय?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"शुक्रवारी जायचंय, अप्पा."

"उद्या जा."

"म्हणजे तुमी परवानगी द्यायलाव?" पंकजने विचारलं.

"परवानगी न्हाई. तू आज न पिताच समदं खरं बोललास. उद्या खरंच प्यालास आन् हितं असलास, तर ह्येनला बी सांगशील," अप्पांनी दिनकररावांकडे हनुवटी केली. "तू पुण्यातच बरा."

दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः त्याला सोडायला स्टेशनवर आले. नागुबाईंनी दिलेली पिशवी त्याच्या हातात देऊन ते फलाटावर उगाच इकडेतिकडे बघत राहिले. गाडीचा भोंगा झाला तसे खिडकीजवळ सरकले.

"तुझ्या आईला बोलू नको," ते म्हणाले. "काल शिंपून झाल्यावर बोटं चाटली मी. सवय हाय."

पंकजने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"उन्हात मडकं फिरलं, कोमट झाल्ती, म्हणून कडू लागली आसल. तिथं घ्यायचीच येळ आली तर गार करून घे."

पंकजने मुकाट मान डोलावली. अख्ख्या घरात बीयरची चव ठाऊक असलेले अप्पा एवढेच होते, त्यांचं ऐकणं भाग होतं.