टेकाळे यांच्या स्लॅबवर आलेली कचेरी

विषय : मौजे काळखेडा येथील ट्रॅक्टर मेकॅनिक श्री. भानुदास टेकाळे यांच्या गॅरेजसाठी जमिनीवर घातलेल्या नव्या काँक्रीट स्लॅबवर तहसील कचेरीची इमारत विनापरवाना चालत येऊन उभी राहिल्याबाबत.

उपरोक्त विषयाबाबत कोणाचाच वाद नाही. इमारत मंगळवारी सकाळी, कामकाज सुरू होण्याआधी आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी तिला येताना पाहिलं. तिने कोणाला धक्का लावला नाही. चौकात एक म्हैस बसली होती, ती उठेपर्यंत इमारत थांबून राहिली, असं चहावाल्याचं म्हणणं आहे. झेंड्याचा खांब मागाहून आला.

जुन्या जागी ती सुखात नव्हती, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. काळखेड्याची जमीन निव्वळ काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशी फाटते, आणि तिच्यावर जे काही उभं असेल ते दरवर्षी थोडं थोडं हलतं. कचेरीच्या मागच्या भिंतीला पडलेली भेग एवढी रुंद होती की रेशनकार्डाचे अर्ज तिच्यातूनच आत घेत; खिडकीपेक्षा तिथे गर्दी कमी असे. अशा इमारतीने भक्कम जागा दिसल्यावर तिकडे जाणं नियमात बसत नसलं, तरी समजण्यासारखं होतं.

आणि टेकाळ्यांचा स्लॅब भक्कम होता. तो त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतला होता. हनीफ मिस्त्री काळी माती काढत खाली खाली जात आणि दर वेळी विचारत, "मालक, आता बस ना?" टेकाळे खड्ड्यात उतरत, टाच आपटत आणि म्हणत, "अजून लोणी लागतंय." शेवटी मुरूम लागला, टाच दुखली, तेव्हा ते खूश झाले. मग मुरमाचा भराव, एकेक थर करून. प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मसाचे ठोके. त्यावर दगडाचं सोलिंग, त्यावर सळईची जाळी आणि मग एका दमात ओतलेलं काँक्रीट.

"मालक, गॅरेज बांधताय का किल्ला?" हनीफ मिस्त्रींनी विचारलं.

"किल्ल्याला कोणी जॅक लावत नाही," टेकाळे म्हणाले.

या उत्तरामागे कारण होतं. जुन्या गॅरेजची जमीन एका पावसाळ्यात फुगली, जॅक तिरका झाला आणि ट्रॅक्टर खाली बसला. टेकाळे वेळेवर निसटले. उजव्या हाताचं मधलं बोट निसटलं नाही. त्या दिवशी त्यांच्या बायकोने, सिंधूताईंनी, सांगून टाकलं की पक्क्या जमिनीशिवाय ट्रॅक्टरखाली जायचं नाही. टेकाळे तालुक्यात कोणाला भीत नसत, पण घरात दिलेला शब्द पाळत. तेव्हापासून ते रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून पाण्याच्या पंपांचे नट आवळत होते. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस पंपाचे नट आवळत होता. सोयाबीनची काढणी तोंडावर आली होती, नादुरुस्त ट्रॅक्टर त्या बाभळीभोवती येऊन थांबले होते, आणि स्लॅबवर तहसील उभी होती.

मंगळवारी हनीफ मिस्त्री नेहमीप्रमाणे रबरी नळी घेऊन आले. स्लॅब ओतल्यावर त्याला भरपूर पाणी पाजावं लागतं. त्यासाठी त्यांनी वर सिमेंट-वाळूच्या मसाल्याच्या बारीक बांधांची आळी करून त्यांत पाणी तुंबवून ठेवलं होतं. कचेरी नेमकी त्या पाण्यात उभी राहिली होती.

"मालक, पाणी मारायचंय."

"मग मारा की."

"वर तहसील आहे."

दोघं आत गेले. कामकाज सुरू झालं होतं. सगळे कर्मचारी घोट्याएवढ्या पाण्यात बसले होते. अव्वल कारकून मुळजकरबाईंनी पाय टेबलाच्या खालच्या खणावर ठेवले होते आणि त्या एका दाखल्यावर शिक्का मारत होत्या.

"चपला पायरीवर काढा," त्या वर न बघता म्हणाल्या. "पाणी खराब होतं."

हनीफ मिस्त्रींनी आपली अडचण मांडली. "बाई, आत्ता पाणी कमी पडलं तर स्लॅबला तडे जातील."

'तडे' म्हणताच भिंतींतून एक शहारा गेला आणि कपाटावरची दोन गाठोडी खाली पडली. मुळजकरबाईंनी आवाज एकदम खाली आणला.

"तो शब्द इथं काढू नका हो. आत्ता कुठं तिला बरं वाटतंय. सकाळपासून सगळी दारं एका बोटानं लागतायत."

बरीच चर्चा होऊन पाणी जेवणाच्या सुट्टीत मारावं असं ठरलं. त्याप्रमाणे हनीफ मिस्त्री रोज दुपारी सगळ्यांच्या टेबलाखालून नळी फिरवू लागले. कर्मचारी डबा खाताना पाय वर घेत. काही दिवसांनी तर मंडळ अधिकारी, म्हणजे सर्कल साहेब, "आमच्या कोपऱ्यात कमी पडलं" अशी तक्रार करू लागले.

टेकाळ्यांनी अतिक्रमण हटवण्याबाबत रीतसर अर्ज केला. तहसीलदार हिंगमिरे साहेबांनी तो दोनदा वाचला. साहेब भले गृहस्थ होते. अन्याय त्यांना बघवत नसे, म्हणून ते आधी नियम बघत.

"तुमची तक्रार रास्त आहे टेकाळे," ते म्हणाले. "पण अतिक्रमण म्हटलं की स्थळपाहणी आली."

"करा की साहेब. हे काय स्थळ."

"स्थळपाहणीला जावं लागतं. आम्ही आधीच स्थळावर आहोत. मग जायचं कसं?"

"बाहेर जाऊन परत आत या."

"परत आलो तर ते कचेरीत येणं झालं. ती हजेरी. पाहणी नव्हे."

टेकाळ्यांनी पाण्यातच हात जोडले. "साहेब, माझं गिऱ्हाईक उन्हात उभं आहे. मला जॅक टेकवायला जागा नाही."

"मला वाईट वाटतं," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. अर्जावर त्यांनी शेरा मारला : 'स्थळपाहणीअंती निर्णय घ्यावा.'

घरी टेकाळ्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. "पहार लावून उलथवतो एकेक दगड," ते म्हणाले.

"सरकारी आहे ती. तुम्हालाच उलथवतील," सिंधूताई म्हणाल्या. "आणि तिचं तरी काय चुकलं? तुमच्यावर डोळा ठेवून आली का? बुडाखाली पक्कं मिळालं म्हणून आली. तिच्या जागेवर पक्कं करून द्या, जाईल आपल्या पायानं."

"आणि तिकडे खणायला परवानगी कोण देणार? तुझा भाऊ?"

"विचारायला काय जातंय?"

टेकाळे विचारायला गेले. मुळजकरबाईंनी चष्मा पुसला. कायदा माणसांच्या उपयोगी पडताना दिसला की त्यांना तरतरी येत असे.

"दप्तरी इमारत जुन्याच जागी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तिथं तुम्ही जे कराल ते नवीन बांधकाम नाही. चालू इमारतीतली फरशी दुरुस्ती आहे. वर विचारायची गरज नाही. एकच अट, कर्मचाऱ्यांना धुळीचा त्रास होता कामा नये."

"कर्मचारी तिथं नाहीतच बाई."

"मग होणार नाही. तसं लिहून द्या."

टेकाळ्यांनी लिहून दिलं, आणि फरशी दुरुस्तीला सुरुवात झाली. बातमी पसरायला वेळ लागला नाही. टेकाळे ट्रॅक्टरखाली जाणार की नाही, हे आता या फरशीवर ठरणार होतं, आणि त्यांच्यावाचून अख्ख्या तालुक्याची काढणी अडणार होती. ज्यांचे ट्रॅक्टर चालू होते ते सगळे ट्रॉल्या जोडून आले. मुरूम आला, सोलिंगचा दगड आला. खडीवाल्या तोष्णीवालांनी खडी पाठवली. त्यांच्या लोडरचा हायड्रॉलिक गळत होता. टेकाळे रस्त्याकडे पाठ करून उभे राहत आणि येणारा ट्रॅक्टर कोणाचा ते नुसत्या आवाजावर ओळखत.

"हा जाधवांचा. क्लच अजून ओरडतोय. वर्षापूर्वी सांगितलं होतं त्यांना."

"आणि हा?" हनीफ मिस्त्रींनी विचारलं.

"हा माझ्या हातचा आहे. ऐका, कसा बोलतोय!"

खड्डा खोल गेला. टाच आपटण्याची पाळी आली तेव्हा टेकाळ्यांच्या जोडीला अख्खं गाव खड्ड्यात उतरलं आणि आपापली टाच आपटून आलं. "लोणी!" असा एकच ओरडा झाला, तेव्हा आणखी खणलं. दुसऱ्या वेळी कोणी ओरडलं नाही. सगळे लंगडत वर आले. काँक्रीटच्या दिवशी मिक्सर सकाळी सुरू झाला तो स्लॅब पुरा होईपर्यंत थांबला नाही. बायकांनी घमेल्यांची रांग धरली, आणि तिच्यात सिंधूताई सगळ्यांत पुढे होत्या. नंतर पाणी पाजायला आळी बांधली, तेव्हा पाहायला आलेल्या तहसीलच्या शिपायाने सवयीने चपला काढल्या.

स्लॅब पुरता मुरला. इमारत मात्र हलली नाही.

गाव रोज सकाळी येऊन बघे. हनीफ मिस्त्रींच्या मते तिला अजून विश्वास नव्हता. "एकदा पोळलेली आहे मालक. जुना पाया घालतानाही कोणीतरी तिला पक्का म्हणून सांगितलंच असेल की."

"तोंडानं सांगून काय होतं," टेकाळे म्हणाले. "दाखवलं पाहिजे."

त्यांनी काळखेड्यातला सगळ्यांत जड हार्वेस्टर ओढत आणवला आणि कचेरीच्या जुन्या जागी, नव्या स्लॅबच्या मधोमध उभा केला. जॅक लावला. फळी नाही, दगडाची पाचर नाही. जॅक थेट काँक्रीटवर. हार्वेस्टर वर गेला. त्याच्या टपावर त्यांनी चहाने काठोकाठ भरलेली कपबशी ठेवली. कपातला चहा हलला नाही. बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला कचेरीच्या पश्चिमेकडच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या.

आता कोणीतरी खाली जायला हवं होतं. टेकाळ्यांनी बाह्या सरसावल्या आणि बायकोकडे पाहिलं. सिंधूताई स्लॅबवर चढल्या, मधोमध आल्या, पदर खोचला आणि त्यांनी टाच आपटली. त्यांचा चेहरा कळवळला. मग त्यांनी दुसरी टाच आपटली.

"जावा," त्या म्हणाल्या.

टेकाळे हार्वेस्टरखाली गेले. बराच वेळ नुसता पान्ह्याचा आवाज येत होता. आतून त्यांचं गाणं ऐकू यायला लागलं, आणि ते इतकं बेसूर होतं की कामात ते खरोखर रमलेत याबद्दल कोणाला शंका उरली नाही.

त्याच वेळी कचेरी उठली.

कामकाजाची वेळ होती. साहेबांसमोर एका बांधाच्या वादाची सुनावणी चालू होती. ती त्यांनी थांबवली नाही. इमारत सावकाश, ओळंब्यात राहून, जराही न कलता पेठेतून निघाली. कोणीतरी हलगी आणली. दुकानदार फळ्यांवर उभे राहिले. दाखला घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याचं घर वाटेत होतं, त्याला पायऱ्यांवरून हात धरून उतरवलं. दाखला मुळजकरबाईंनी खिडकीतून दिला. मागून झेंड्याचा खांब आला. त्याला पोरांनी सलाम ठोकला.

टेकाळ्यांनी कप उचलला, हार्वेस्टर जॅकवरून उतरवला आणि चालू करून वेळेवर बाजूला घेतला. इमारत आपल्या जागेवर आली, क्षणभर थांबली आणि बसली. कुठेही करकर झाली नाही. मागच्या भिंतीची भेग मिटली, आणि तिच्यात अडकलेले जुन्या काळचे काही अर्ज बाहेर पडले. ते आवक म्हणून नोंदवण्यात आले.

टेकाळे गार चहा पीत आपल्या स्लॅबवर परत गेले. तो मोकळा, कोरडा, एकसंध पडला होता. हनीफ मिस्त्रींनी पहारेचं टोक आपटलं. ठण्ण.

"तहसील पेलली मालक यानं," ते म्हणाले. "आता तुमचे ट्रॅक्टर म्हणजे याला माश्या."

गॅरेज उभं राहिलं. काढणी वेळेवर झाली. गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्याची बांधकाम कचेरी काळखेड्याच्या वेशीपर्यंत येऊन थांबली आहे. फरशी दुरुस्तीची चौकशी करते, बाकी त्रास देत नाही.

टेकाळ्यांच्या मूळ अर्जावर आता स्थळपाहणी शक्य झाली आहे, असं हिंगमिरे साहेबांनी कळवलं आहे. त्यासाठी लागणारी कचेरीची जीप सध्या टेकाळ्यांच्या स्लॅबवर, जॅकवर चढवलेली आहे. खाली टेकाळे आहेत. अर्ज प्रलंबित आहे.