मनुबाईंनी शौचालय सर केले, त्याची हकीकत

शुभं भवतु. समुद्रकाठच्या रयतेस, नारळीपोफळीच्या बागाइतदारांस आणि एस्टीच्या थांब्यावर ताटकळणाऱ्या समस्त लोकांस विदित व्हावे की, मुरुडच्या वाटेवरील एका बाजारगावी मार्च महिन्याचे आठवे तारखेस जे तुंबळ रण माजले, त्याची हकीकत आम्ही तिखटमीठ न लावता लिहितो. मीठ थोडे लागलेच असेल, तर ते खाऱ्या वाऱ्याचे समजावे.

त्या गावी भाजीबाजाराच्या तोंडाशी महिला शौचालय नामे बुलंद किल्ला होता. चवदा महिन्यांपूर्वी तो बांधून तयार जाहला, गुलाबी रंग लागला, नळास पाणी आले, आणि मग दारास फीत बांधून कुलूप पडले. कारण नामदार साहेबांच्या हस्ते उद्घाटन होईतो बायकांनी वापरून तो खराब करू नये, ऐसी सरपंच राजश्री चंदररावजी, अखंडभाषणविशारद, यांची आज्ञा. चावी त्यांच्याच खिशात. नामदारांस सवड होईना, फीत उन्हाने पांढरी पडली, आणि डोंगरापलीकडून वालाच्या शेंगा घेऊन येणाऱ्या बाया पहाटेपासून घोटभर पाणीही न पिता बसू लागल्या. त्या बायांतल्याच एक मनुबाई; त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सखुबाईंस तर गेल्या महिन्यात लघवीच्या जळजळीने ताप भरून इस्पितळात न्यावे लागले. मनुबाईंस त्याचा बहुत संताप होता, आणि तो चारचौघांत बोलावयाची लाजही तितकीच होती.

ऐशा समयी सरपंचांनी स्त्रीशौर्याचा गौरव मांडला. फलकावर अकरा पुरुषांच्या तसबिरी झळकल्या आणि उरल्या कोपऱ्यात नारीशक्ती मावली. मनुबाईंनी गेल्या पावसाळ्यात ओढ्याच्या मोरीवरून वाहून चाललेल्या दोन शाळकरी पोरी पुरात उतरून ओढून काढल्या होत्या, सबब त्यांस रणरागिणी हा किताब मुक्रर जाहला. मग फलकावरील पहिले सरदार बोलले, मग दुसरे बोलले, आणि तिसऱ्यांनी आपल्या मातोश्री किती सोसत असत ते सांगून स्वतःचेच डोळे पुसले. आणि बाया उन्हात, तहानेल्या, टाळ्या वाजवीत राहिल्या. दोन प्रहरी मनुबाईंच्या अंगावर शाल पडली, हाती नारळ आला आणि दोन शब्द बोलण्याचे फर्मान सुटले.

"सरपंचानू," त्या म्हणाल्या, "त्या पोरींना वडताना मना इचार करावा लागला न्हाय. ह्ये बोलाया चवदा म्हैने लागले. सकालपासून आमी बाया पानी पीत न्हाय, कुठं जावाचं म्हून. ही सखू त्यापायी मराया टेकली व्हती. शाल नको, चावी द्या."

मग सरपंचांनी जाहीर केले की, ऐसी गोष्ट व्यासपीठावर काढणे स्त्रियांस शोभत नाही, आणि नामदारांवाचून फीत कापणे शिष्टाचारास धरून नाही. शौर्याची तारीफ करणे निराळे आणि ते समोर उभे राहिलेले पाहणे निराळे, हे त्यांस तेथेच उमगले.

तेव्हा मनुबाई नारळ घेऊन खाली उतरल्या, आणि सखुबाई त्यांच्यामागे निघाल्या, आणि मग भाजीच्या पाट्या टाकून सारा बाजार निघाला. सरपंच आडवे आले, ते बाजूस जाहले. मनुबाईंनी कुलुपावर पहिला घाव घातला, त्यासरशी नारळ फुटला आणि उद्घाटनाचा विधी यथासांग पार पडला. दुसरा घाव दगडाचा. त्याने कडीच निखळली. ती सरपंचांच्या मेव्हण्याने बसवली होती, सबब तिसऱ्याचे काम पडले नाही. आत पाहावे तो मागील सालचे नारीशक्तीचे फलक छतापावेतो रचलेले! ते उपसण्याचे फर्मान या खेपेस मनुबाईंनी सोडले आणि तिन्ही सरदारांनी कोट काढून ते मुकाट्याने वाहिले.

येणेप्रमाणे गड फत्ते जाहला. आमचेकडील एक नारळ कामी आला. गनिमाची उरलेली दोन भाषणे जागीच गारद जाहली. दुसरे दिवशी बाजार भरला, तेव्हा सखुबाई पाटी उतरवून टेकल्या आणि चारचौघांदेखत तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या.